किमान तीन मानवाकृती

माणूस एकटा येतो आणि एकटाच जातो. थोर कलेने हे सत्य फार पूर्वी ओळखले आहे, आणि काही चित्रकारांनी तर सगळे आयुष्य त्या एकटेपणावरून ओवाळून टाकले आहे. मी मात्र ज्या चित्रकलेवर तेहेतीस वर्षे पोट भरले, तिथे माणसाला एकटे राहण्याची परवानगी नव्हती. इंटरमीजिएट ड्रॉइंग परीक्षेत स्मरणचित्राच्या प्रश्नाखाली छापलेले असे : ‘चित्रात किमान तीन मानवाकृती असाव्यात.’ येताना आणि जाताना माणसाने काय हवे ते करावे. मधल्या काळात, आमच्या कागदावर, तो तिघांतच हवा.

मी पारनेरच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. ‘कलाशिक्षक’ हा शब्द नंतर आला. काम तेच राहिले. बाहेरच्यांना वाटते, हा माणूस मुलांना चित्रे शिकवतो. ते आठवड्यातून दोन तास. बाकीचा वेळ गॅदरिंगचे पडदे, पाहुण्यांच्या नावाचा फलक, मास्तरांच्या मुलींच्या लग्नात ‘सुस्वागतम्’, आणि कुणी थोर माणूस वारला की फळ्यावर काळी चौकट. चौकटीच्या बाबतीत माझा हात इतका बसला होता की रेडिओवर बातमी संपेपर्यंत चौकट तयार असे.

खरे काम वर्षातून एकदा, दिवाळीआधी. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या सरकारी परीक्षांचे केंद्र आमच्या शाळेत होते आणि मी केंद्रचालक. एका पेपरात समोर ठेवलेला तांब्या-कांदा-वीट बघून काढायचे, ते वस्तुचित्र. दुसऱ्यात दिलेल्या विषयावर मनाने चित्र काढायचे, ते स्मरणचित्र. मुले घाबरत ती या दुसऱ्याला. तांब्या हलत नाही आणि त्याला हात नसतात. माणसाला दोन असतात, आणि प्रत्येकाला पाच बोटे.

तीनची अट का घातली, हे कुठेच छापलेले नाही. माझा अंदाज असा की अट नसती तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाने दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि एक नारळाचे झाड काढून कागद परत दिला असता. आमच्या तालुक्यात नारळाचे झाड मी देवळात फोडायला आणलेल्या नारळावरूनच ओळखतो. या अटीवर मी एक तोडगा काढला होता. एक माणूस उभा, त्याच्या डोक्यावर ओझे, म्हणजे दोन्ही हात ओझ्यामागे जातात. दुसरा वाकलेला, म्हणजे तोंड दिसत नाही. तिसरा पाठमोरा. विषय बाजार असो, जत्रा असो की स्टँड, ही तीन माणसे सगळीकडे चालतात. तालुक्यात त्यांना ‘मास्तरांची तीन माणसं’ म्हणत. त्यांनी माझी किती मुले पास केली याचा मी हिशेब ठेवला नाही, पण नापास केलेली मला आठवत नाहीत.

बहात्तर साली पाऊस आला नाही. त्याच्या आदल्या वर्षीही तो आल्यासारखे करून गेला होता. त्या वर्षी आमच्या तालुक्यात अमेरिकेहून दोन गोष्टी आल्या. एक मिलो, म्हणजे रेशनवरची तांबडी ज्वारी, जिची भाकरी विटेसारखी दिसे आणि चवीलाही विटेशी फारशी फारकत घेत नसे. दुसरी गोष्ट म्हणजे चित्रे.

चित्रे म्हणजे मूळ चित्रे नव्हेत. मोठ्या कागदावर छापलेल्या रंगीत प्रती, वीस-बावीस, दोन लाकडी खोक्यांत. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेने त्या गावोगाव फिरवायला पाठवल्या होत्या. बरोबरच्या टाइप केलेल्या कागदावर प्रदर्शनाचे नाव होते : ‘अमेरिकन वास्तववादी चित्रकलेतील एकटेपणा.’ हेडमास्तरांनी मला बोलावून विचारले की याचा फलक किती अक्षरांचा होईल. मी म्हटले, दोन ओळींत बसेल. ते म्हणाले, मग घेऊ.

उद्घाटनाला नगरहून एक विद्वान वक्ते आले. त्यांनी जवळजवळ तासभर पश्चिमेच्या माणसाचा एकाकीपणा समजावून सांगितला. तिकडे माणूस गर्दीत एकटा आहे, आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, म्हणून आपण या वेदनेपासून मुक्त आहोत, असा मथितार्थ. शेवटी ते म्हणाले, “खऱ्या कलेला नियम नसतात.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. समोर सतरंजीवर निम्मी माणसे तहसील कचेरीत दुष्काळी कामावर नाव घालायला आलेली होती. सावली दिसली म्हणून आत आली होती. त्यातल्या बऱ्याच जणांचे एकत्र कुटुंब त्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या कामांवर खडी फोडत होते.

चित्रे मी सुतळीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लावली होती. भाषण संपल्यावर लोक ती बघू लागले आणि मला खरे उद्घाटन तेव्हा झाले असे वाटले. एका चित्रात एक बाई सकाळच्या उन्हात पलंगावर बसून खिडकीबाहेर बघत होती. खोलीत दुसरे काही नाही. आमचा शिपाई रंगनाथ, वयाने माझ्यापेक्षा मोठा आणि मताने हेडमास्तरांपेक्षा मोठा, लोकांना चित्रे दाखवत होता. एका म्हातारीने त्याला विचारले, “बाळंतीन हाय का रं ही?”

रंगनाथ म्हणाला, “न्हाई. एकलीच ऱ्हाती.”

“सासू न्हाई?”

“न्हाई.”

म्हातारीने चित्राकडे पुन्हा एकदा नीट बघितले. “बरं हाय की मंग तिचं,” म्हणाली.

पेट्रोल पंपावर एकटाच उभा असलेला माणूस बघून एकाने, गिऱ्हाईक नाही म्हणजे तिकडेही दुष्काळ दिसतो, असा निष्कर्ष काढला. सगळ्यांत मोठी गर्दी एका चित्रापुढे झाली. त्यात वाळलेल्या गवताचे मोठे माळरान होते, लांब टेकाडावर एक घर, आणि गवतात पाठमोरी बसलेली एक मुलगी. टाइप केलेल्या कागदावर या चित्राखाली ‘मानवी अस्तित्वाची असहायता’ लिहिले होते. लोक तिथून हलेनात. मला वाटले, अस्तित्व पोचले. मग एकाने हळूच विचारले, “मास्तर, येवढी वैरन उभी हाय, कापत का न्हाईत?”

प्रदर्शन दोन दिवसांचे होते. तिसऱ्या दिवशी खोकी न्यायला ट्रक यायचा होता. तो आला नाही. ट्रक सगळे धान्याला लागले होते. खोकी चित्रकलेच्या खोलीत राहिली आणि सुतळीवरची चित्रे मी काढली नाहीत. खरे सांगायचे तर मला ती आवडली होती. काळी चौकट आणि ‘सुस्वागतम्’ यांत आयुष्य गेलेल्या माणसाला, एवढ्या मोठ्या कागदावर एकच माणूस काढून बाकी सगळी जागा नुसत्या उन्हाला देणारा चित्रकार भेटला, तर तो थोडा बिघडतो.

त्या वर्षी इंटरमीजिएटला बाहेरून बसणाऱ्या एक बाई माझ्याकडे शिकायला येत. मार्थाबाई वाघचौरे. वय पस्तीस-छत्तीस. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. ते गेल्यावर नगरात यांचे कुणी राहिले नव्हते. तालुक्याच्या कोरड्या बाजूला, पारनेरपासून बऱ्याच लांब, माळवस्ती म्हणून वीसेक घरे होती. तिथल्या एकशिक्षकी शाळेवर त्या नऊ वर्षे होत्या. एकशिक्षकी म्हणजे चार वर्ग, एक खोली, एक मास्तर. घंटा त्यांनीच द्यायची आणि घंटेला त्यांनीच ओ द्यायची. शाळेमागे एक खण होता, त्यात त्या राहत.

एरवी दिवसा मुले तरी असत. त्या वर्षी वस्तीच खडीच्या कामावर गेली. पाझर तलावाचे काम मैलभरावर निघाले, पाण्याचा टँकर तिथेच येई, खायला सुकडी तिथेच वाटत, म्हणून लोकांनी तिथेच पाले ठोकली आणि मुलेही नेली. वस्तीची विहीर तळाला गेली होती. मार्थाबाई रोज अकराला घंटा देत, हजेरीपटावर सगळ्यांपुढे गैरहजेरी मांडत आणि पाचला घंटा देऊन शाळा सोडत. बदली मागा, असे मी सुचवले. त्या म्हणाल्या, मागितली होती. याच्याही पलीकडची वस्ती मिळत होती.

नगरच्या मुलींच्या एका शाळेत ड्रॉइंगच्या बाईंची जागा जूनमध्ये रिकामी होणार होती. तिथल्या मुख्याध्यापिका यांच्या वडिलांना ओळखत. त्यांनी एकच अट घातली होती : इंटरमीजिएट पास हवी. पास झाल्या तर जागा यांची, नाही तर दुसरी उमेदवार ठरलेली होती. मार्थाबाईंनी मला पहिल्याच दिवशी हे सांगितले आणि पुढे एक वाक्य जोडले, त्यानंतर तो विषय कधी काढला नाही. म्हणाल्या, “मास्तर, मला चित्रकार व्हायचं नाही. मला माणसांत जायचंय.”

दर रविवारी त्या एसटीने येत. रेष चांगली होती. तांब्या काढला की त्यात पाणी असावे असे वाटे. माणसे काढताना मात्र त्या अडत. मी त्यांना माझी तीन माणसे शिकवली. उभा, वाकलेला, पाठमोरा. त्यांनी इमानाने गिरवली. एकदा म्हणाल्या, “ही तिघं एकमेकांशी बोलत का नाहीत?” मी म्हटले, परीक्षेत बोलायचे नसते.

पण चित्रे लावलेली ती सुतळी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. एका रविवारी त्या पलंगावरच्या बाईपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांना ते चित्र फार लागले असणार असे मला वाटले, आणि मी विद्वान वक्त्यांकडून उसनी घेतलेली वेदना त्यांना समजावून देऊ लागलो. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “पण मास्तर, ही एकटी कुठंय? चित्र काढणारा होता की समोर.”

उत्तर नसले की मास्तर जोरात बोलतो. मी म्हणालो की एक माणूस काढून आख्खा कागद तोलून धरायला छाती लागते, तीन माणसांची गर्दी कुणीही करील. त्यांनी विचारले, “परीक्षेत चालेल?” तेव्हा मी ‘नाही’ म्हणायला हवे होते. तेहेतीस वर्षांत तेवढे एकच उत्तर मला पक्के येत होते. पण मी हवेत होतो. मी म्हणालो, “खऱ्या कलेला नियम नसतात.”

पुढच्या रविवारी मी ते विसरून गेलो आणि पुन्हा तीन माणसे गिरवायला दिली. त्या विसरल्या नव्हत्या.

त्या वर्षी परीक्षेला पाण्याचा प्रश्न होता. रंगाला पाणी लागते. शाळेला दिवसाला दोन पिंपे मिळत, ती प्यायची. रंगनाथने हेडमास्तरांपुढे उभे राहून सांगितले की लोकांना घोटभर मिळत नाही आणि तुम्ही पोरांना कुंचले धुवायला देता, हे देवाला बरे दिसणार नाही. तोडगा त्यानेच काढला : दोन बाकांत मिळून एक डबा, आणि पेपर झाल्यावर डब्यांतले रंगीत पाणी मैदानातल्या लिंबाला. त्या वर्षी लिंब जगला. वस्तुचित्राला वांगी मिळेनात म्हणून कांदा आणि वीट ठेवली, आणि वीट बघून मुलांनी आपसात मिलोच्या भाकरीवर जे विनोद केले ते मी केंद्रचालक म्हणून ऐकले नाहीत.

दुसऱ्या पेपरला मार्थाबाई खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर होत्या. आजूबाजूला आठवी-नववीची मुले. बाकाची फळी त्यांच्या गुडघ्याला लागत होती, म्हणून त्या तिरक्या बसल्या होत्या. विषयांत एक ‘मधली सुट्टी’ होता. बहुतेक मुलांनी तोच घेतला. वर्गभर उभे, वाकलेले आणि पाठमोरे विद्यार्थी खेळू लागले.

केंद्रचालकाला उमेदवाराच्या चित्राविषयी बोलता येत नाही. फिरायचे, बघायचे, चेहरा कोरा ठेवायचा. शेवटचा अर्धा तास उरला तेव्हा मी त्यांच्या बाकामागे आलो आणि चेहरा कोरा ठेवणे मला जमले की नाही, ठाऊक नाही.

त्यांनीही ‘मधली सुट्टी’ घेतली होती. माळावर एक शाळा. दाराला लटकलेली घंटा. समोर मोकळे अंगण, दुपारचे ऊन, उन्हाचा रंग असा लागला होता की डोळे बारीक करावेत. शाळेच्या पायरीवर एक बाई मांडीवर फडके पसरून भाकरी खात बसलेली. भाकरी तांबडी. बस. सबंध कागदावर दुसरा माणूस नव्हता.

असे चित्र त्या खोलीत त्याआधी कुणी काढले नव्हते, नंतरही नाही. आणि प्रश्नपत्रिकेच्या हिशेबाने ते दोन माणसांनी नापास होते.

मी पुढे गेलो, टेबलापाशी उभा राहिलो आणि प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना सर्वांना उद्देशून मोठ्याने वाचल्या. एवढे नियमात बसते. ‘किमान तीन मानवाकृती असाव्यात’ हे वाक्य मी दोनदा वाचले. मुलांनी बोटाने आपापली माणसे मोजली. मार्थाबाईंनी मान वर केली नाही. मी तिसऱ्यांदा वाचले. तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “ऐकलंय, सर.” एरवी त्या मला मास्तर म्हणत.

मी पुन्हा त्यांच्या बाजूला जाऊ शकत नव्हतो. पण रंगनाथ डब्यांत पाणी बघत फिरत होता, आणि रंगनाथला कुठलाच नियम लागू नव्हता. तो त्यांच्यापाशी थांबला, चित्राकडे बघितले, माझ्याकडे बघितले, आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असे म्हणाला, “बाई, तिघं पायजेत म्हनं. बाकीची दोघं कुटं गेली?”

“खडी फोडायला,” त्या म्हणाल्या.

मुले हसली. त्यांतल्या निम्म्यांचे आईबाप तिथेच गेले होते, त्यामुळे ती जास्तच हसली. मी टेबलावर डस्टर आपटले. हसू थांबले तेव्हा मार्थाबाई चित्राकडे बघत होत्या, आपण काय बोललो ते आपल्यालाच आत्ता ऐकू आले असावे तशा. मग त्यांनी दोन नंबरचा ब्रश घेतला. दोन नंबर म्हणजे अगदी बारीक, टोकाला चार-पाच केस. कागदाच्या वरच्या कडेला, माळ संपतो तिथे, त्यांनी दोन आकृत्या काढल्या. गव्हाच्या दाण्याएवढ्या. डोक्यावर ओझे. घंटा झाली.

पेपर गोळा केल्यावर मागे शाळेचा शिक्का आणि माझी सही करून गठ्ठा बांधायचा, वर लाख लावायची. मुले गेली. रंगनाथ लाख वितळवायला दिवा आणायला गेला. मी त्यांचे चित्र गठ्ठ्यातून वर काढले आणि बघितले. दोन माणसे आल्यामुळे चित्रातले एकटेपण कमी व्हायला हवे होते. ते वाढले होते. ही दोघे घमेली घेऊन कामाकडे निघालेली, आणि ती पायरीवर मागे राहिलेली. वर चटका असा की, तपासणाऱ्याच्या चष्म्याचा नंबर जरा वाढला असेल तर ही दोन माणसे त्याला शाईचे डाग वाटणार.

मी तेव्हा काय केले ते प्रथमच लिहितो आहे. मी एका डब्यात ब्रश बुडवला. पायरीवर त्या बाईच्या शेजारी एक ठसठशीत माणूस काढायला मला चार मिनिटे पुरली असती. त्यांचा रंग कोणता आणि कसा लागला होता ते मला दिसत होते. आपण केंद्रचालक आहोत हे मला आठवत होते, पण तेवढ्याने मी थांबलो असे सांगणे खोटेपणाचे होईल. मी ब्रश हातात धरून बसलो, आणि तिच्या शेजारी कुणाला बसवायचे ते मला सुचेना. माझ्या तिघांपैकी एकही तिथे बसत नव्हता. तेवढ्यात रंगनाथ दिवा घेऊन आला. त्याने ब्रशाकडे बघितले आणि म्हणाला, “मास्तर, त्या डब्यातलं पानी लिंबाचं हाय.” मी ब्रश खाली ठेवला. आम्ही गठ्ठा बांधला.

निकाल नाताळच्या सुमारास आला. तोवरचे दोन महिने मी शाळेत नीट वागलो नाही. माझ्या एका उसन्या वाक्यावर एका बाईचे माणसांत जाणे अडकले होते, आणि ते वाक्य बोलणारे विद्वान नगरला सुखात होते. सुतळीवरची चित्रे मी काढून खोक्यात ठेवली. मार्थाबाईंचे रविवारी येणे बंद झाले होते. यायचे कारण उरले नव्हते.

निकालाच्या यादीत ‘वाघचौरे मार्था’ पुढे ‘क’ होता. क म्हणजे शेवटची श्रेणी, पण पास. मी माळवस्तीला पोस्टकार्ड टाकले. उत्तर आले, त्यात दोनच ओळी होत्या. एक, माझे कार्ड त्यांना पोस्टमननेच वाचून दाखवले, कारण त्यांचा चष्मा फुटला होता. दुसरी, नाताळच्या करंज्या मिलोच्या पिठाच्या झाल्यामुळे पाठवत नाही. जूनमध्ये त्या नगरला गेल्या.

अनेक वर्षांनी मला या परीक्षेचे पेपर तपासायला बोलावणे आले. मोठा हॉल, भिंतीपर्यंत लावलेले गठ्ठे. चित्रे जमिनीवर ओळीने मांडत आणि आम्ही परीक्षक मधून चालत चालत श्रेणी देत जात असू. पहिल्या दिवशी मी प्रत्येक चित्रातली माणसे मोजू लागलो. माझ्यामागे ओळ तुंबली. शेजारचे अनुभवी परीक्षक वळून म्हणाले, “काय शोधताय?” मी तीन मानवाकृतींची अट सांगितली. ते म्हणाले, “अहो, मोजतंय कोण.” त्यानंतर मीही मोजल्या नाहीत. चहापर्यंत ओळ उरकायची होती.

या सगळ्याची एक गोष्ट करून मी ती सांगू लागलो. निवृत्तीच्या आसपास नगरला ड्रॉइंग शिक्षकांचे शिबिर होते, त्यात मला वक्ता म्हणून बोलावले. फलकावर माझे नाव दोन ओळींत होते. मी एकटेपणावर बोललो. किती वेळ बोललो ते सांगत नाही, पण मी त्या जुन्या विद्वानांना हसण्याचा अधिकार त्या दिवशी गमावला. नाव न घेता मी ते चित्र वर्णन केले : पायरीवरची बाई, आणि क्षितिजावर डोक्यावर घमेली घेऊन तिला सोडून निघालेली दोन माणसे. नियमाने मागितलेली माणसेही तिच्याकडे पाठ फिरवतात, असे म्हणालो. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी मार्थाबाई समोर आल्या. केस पांढरे झाले होते. त्याच शाळेत होत्या. खोलीत चौघी शिक्षिका, सकाळी मोरीला नंबर लावावा लागतो, एका जागी बसून घास खायला मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती करताना त्या चांगल्या दिसत होत्या. माझ्या भाषणाला छान म्हणाल्या. मग बशीतला चहा संपवून म्हणाल्या, “फक्त ती घमेली नव्हती, मास्तर. हंडे होते.”

मला कळले नाही.

“विहीर आटलेली होती ना. वस्तीतली गंगूबाई आणि तिची सून टँकरवरून माझ्या वाटचं पाणी आणून द्यायच्या. कामावरून जेवायला सुटल्या की, रोज, मधल्या सुट्टीत. त्या जात नव्हत्या. येत होत्या.”

“मग तुम्ही ‘खडी फोडायला’ म्हणालात ते?”

“ते मी रंगनाथला म्हणाले. बोलल्यावर आठवलं, की आत्ता त्यांची यायची वेळ झाली.”

मी घरी आलो, जुन्या रंगपेटीतून दोन नंबरचा ब्रश काढला, आणि गव्हाच्या दाण्याएवढी दोन माणसे काढून बघितली. एक घमेले घेऊन जाणारा, एक हंडा घेऊन येणारी. काही फरक दिसत नाही.